शून्य नंबरचा थ्रेड आणि आपले शिपाईमामा

(१९९४ च्या दहावीच्या तुकडीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतलं आहे.)



संयोजकांनी ठरवलं की प्रत्येकानं आपापल्या कामाबद्दल पंधरा मिनिटं बोलायचं. आपला डॉक्टर रक्तदाबावर बोलला आणि तुम्ही सगळ्यांनी मनगटं चाचपून बघितली. वकीलबाई सातबाऱ्यावर बोलल्या तेव्हा तर मागच्या रांगेतले पुढे येऊन बसले. आता माझा नंबर. माझं काम असं आहे की ते नीट झालं तर कोणाला दिसत नाही आणि बिघडलं तर कोणाला कळत नाही की काय बिघडलं.

मघाशी चहाच्या वेळी गणिताच्या बाईंनी विचारलं, "तू नक्की करतोस काय रे?" मी म्हणालो, "बाई, मी कर्नलमध्ये काम करतो." तेवढ्यात शेजारून पीटीच्या सरांनी पाठीवर थाप मारली. "शाब्बास! लष्करात कधी गेलास?" सर, तो कर्नल वेगळा. बत्तीस इंच छाती घेऊन मला लष्करात कोण घेणार, हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक आहे?

माझा कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनमध्ये तो आहे, बँकेच्या सर्व्हरमध्ये आहे, दूध डेअरीच्या काट्यामागच्या डब्यातही आहे. बहुतेक ठिकाणी तो लिनक्स नावाचा असतो. लिनस टोरवाल्ड्स नावाच्या फिनलंडमधल्या विद्यार्थ्यानं तो १९९१ साली जाहीर केला. आपण तेव्हा आठवीत होतो आणि शाळेत कॉम्प्युटर नव्हता. काचेच्या कपाटात त्याचं चित्र होतं.

त्या गाभ्याचा एक छोटासा कोपरा आज तुम्हाला दाखवणार आहे. यंत्र चालू झाल्यावर पहिल्या एक-दोन सेकंदांत आत काय चालतं आणि त्या वेळात झोपायची सोय का नसते, एवढंच. झोपेवर बोलणारा मी वर्गात झोपण्यात पटाईत होतो, हे इतिहासाच्या सरांच्या चेहऱ्यावर मला इथूनही दिसतंय.

आधी झोप म्हणजे काय ते सांगतो. प्रोसेसर एक, कामं शेकडो. प्रत्येक कामाचा जो धागा, त्याला आम्ही थ्रेड म्हणतो. एखाद्या थ्रेडला डिस्कवरून काही यायची वाट बघायची आहे, किंवा दहा मिलिसेकंद थांबायचं आहे. तेवढा वेळ प्रोसेसर अडवून बसण्यात अर्थ नाही. मग तो काय करतो? आपलं नाव एका रांगेत लिहितो, 'अमुक झालं की मला उठवा' असं सांगतो, आणि जागा सोडतो. ही झोप. तुमच्या फोनमध्ये आत्ता या क्षणी बहुतेक सगळे थ्रेड झोपलेले आहेत. म्हणून तर बॅटरी संध्याकाळपर्यंत पुरते.

यात एक बारीक गोम आहे. 'काम झालंय का' हे आधी बघायचं आणि मग झोपायला जायचं, असा क्रम ठेवला तर घात होतो. बघितलं तेव्हा झालेलं नव्हतं, पाठ वळली आणि झालं, उठवणाऱ्यानं हाक मारली तेव्हा हा अजून झोपलेलाच नव्हता. हाक वाया गेली. आता हा झोपला तो कायमचा. म्हणून नियम असा की आधी रांगेत नाव घालायचं, 'मी झोपतोय' अशी पाटी लावायची, मग शेवटचं एकदा डोकावून बघायचं, आणि तरीही झालं नसेल तरच डोळे मिटायचे. माझ्या नोकरीची पहिली दोन वर्षं या चार ओळींचा क्रम चुकवण्यात आणि दुरुस्त करण्यात गेली.

तर झोपायला तीन गोष्टी लागतात. आपण झोपल्यावर काम करणारं दुसरं कोणीतरी. आपल्याला उठवणारं कोणीतरी. आणि नाव लिहायला वही. आता प्रश्न असा की यंत्राचं बटण नुकतंच दाबलंय आणि या तिन्हींतलं काहीच अजून जागेवर नाही, तेव्हा काय?

इथं मला आपले शिपाईमामा आठवतात. मामा आज आपल्यात नाहीत. त्यांचे चिरंजीव समोर आहेत, त्यांना माझा नमस्कार. साडेदहाची पहिली घंटा आपण ऐकायचो. पण मामा आठ वाजता यायचे. फाटकाचं कुलूप, ऑफिसचं कुलूप, वर्गांची दारं, मग आडावरून पाणी शेंदून टाकी भरायची, आणि ऑफिसातल्या लंबकाच्या घड्याळाला किल्ली द्यायची. आठ ते साडेदहा त्या आवारात ते एकटे. त्या अडीच तासांत मामा 'जरा पडतो, साडेदहाला उठवा' असं कोणाला सांगणार? उठवायला कोणी नाही, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला दिवस असेल तर घड्याळही बंद. मामा झोपले असते तर आपण सहाशे पोरं फाटकाबाहेर उभी राहिलो असतो. आपल्याला चाललं असतं, ते सोडा.

लिनक्समध्येही असा एक थ्रेड आहे. त्याचा नंबर शून्य. बाकीचे सगळे थ्रेड कोणीतरी जन्माला घातलेले असतात. हा एकच असा की तो प्रोग्रॅममध्येच हातानं मांडून ठेवलेला असतो, त्याला आईबाप नाहीत. यंत्र सुरू झालं की 'स्टार्ट कर्नल' नावाचं एक लांबलचक फंक्शन हा शून्य नंबर एकट्यानं चालवतो. मेमरीची मोजदाद, रांगांच्या वह्या उघडणं, शेड्यूलर म्हणजे पाळी लावणारा उभा करणं, घड्याळ चालू करणं, सगळं तोच. आणि सुरुवातीचा बराच वेळ इंटरप्ट बंद असतात. इंटरप्ट म्हणजे बाहेरच्या यंत्रांनी प्रोसेसरला मारलेली हाक. घड्याळाचा ठोकासुद्धा एक इंटरप्टच असतो. म्हणजे कान बंद करून एकटा माणूस काम करतोय.

या अवस्थेत त्यानं झोपायचा प्रयत्न केला तर? अगदी आधी केला तर पाळी लावणाऱ्याची वहीच नाही, यंत्र तिथेच कोसळणार. वही उघडल्यावर केला तर आणखी गंमत. शेड्यूलर उभा राहिला की शून्य नंबरची नोंद तो 'रिकामा थ्रेड' म्हणून करतो. रिकामा म्हणजे दुसरं कोणीच चालवण्याजोगं नसेल तेव्हा जो चालतो तो. आता हा झोपायला निघाला, शेड्यूलर रांगेत बघतो, कोणी नाही, मग नियमाप्रमाणे रिकाम्याला बोलावतो. म्हणजे पुन्हा यालाच! वर 'रिकाम्या थ्रेडनं जागा सोडली, हे वाईट झालं' अशा अर्थाची तक्रार छापतो.

बीएसडी नावाच्या युनिक्सच्या घराण्यात याची सोय वेगळी होती. तिथं 'कोल्ड' नावाचा एक झेंडा असायचा. यंत्र अजून गार आहे, तापलेलं नाही. तो झेंडा वर असताना कोणी झोपायला आलं की झोपेचं फंक्शन इंटरप्टना क्षणभर वाट द्यायचं आणि 'झाली झोप, ऊठ' म्हणून लगेच परत पाठवायचं. थोडक्यात, नुसते डोळे मिचकावून बाहेर. म्हणून तिथं शिस्त अशी की जागं झाल्यावर 'माझं काम खरंच झालंय का' हे पुन्हा तपासायचं. मला ही पद्धत आवडते. खोटी झोप आहे, पण यंत्र अडकत नाही.

आणि मेमरी मागताना काय होतं तेही सांगून टाकतो. एरवी मेमरी कमी पडली तर कर्नल मागणाऱ्याला झोपवतो, तोवर जुनी पानं डिस्कवर टाकून जागा करतो. सुरुवातीला हे चालणार नाही. म्हणून लिनक्समध्ये एक गाळणी लावलेली असते. कोणी 'गरज पडली तर मी झोपायला तयार आहे' असं म्हणत मेमरी मागितली तरी ते 'तयार आहे' चुपचाप गाळून टाकलं जातं. असेल तर घे, नसेल तर नाही. यंत्र नीट उभं राहिल्यावर ती गाळणी काढतात.

पण थांबायचं तर असतंच. एखाद्या चिपला वीज दिली की ती स्थिर व्हायला काही वेळ लागतो. तो द्यावाच लागतो. झोपता येत नाही, घड्याळ नाही. मग एकच उपाय. मोजायचं. एक, दोन, तीन, चार. जागेवर उभं राहून.

मामा हेच करायचे! तुमच्यापैकी किती जणांना आठवतंय माहीत नाही. एका दिवाळीनंतर घड्याळ बंद होतं आणि ऑफिसातला रेडिओही बिघडलेला. मामांनी घंटा बरोबर वेळेवर दिली. मी विचारलं तर म्हणाले, "टाकीला चाळीस बादल्या लागतात. चाळीस बादल्या म्हणजे सव्वा तास." घड्याळ चालू असतानाच्या एखाद्या दिवशी त्यांनी ते मोजून ठेवलेलं होतं.

लिनक्स अगदी हेच करतो. इंटरप्ट चालू झाले, घड्याळाचे ठोके पडायला लागले की शून्य नंबर एक ठोका पडायची वाट बघतो आणि पुढचा ठोका पडेपर्यंत आपल्या किती फेऱ्या होतात ते मोजतो. जुन्या पद्धतीत सुरुवात ४,०९६ फेऱ्यांपासून; कमी पडल्या तर दुप्पट, पुन्हा दुप्पट, ठोका ओलांडला की मग मागे येत नेमका आकडा. पुढे 'इतके मायक्रोसेकंद थांब' असं कोणी म्हणालं की याच आकड्यानं गुणून तेवढ्या बादल्या शेंदायच्या. हा आकडा यंत्र सुरू होताना पडद्यावर दिसतो आणि त्याचं नाव आहे 'बोगोमिप्स'. त्यातलं 'बोगो' हे बोगसवरून आलंय; नाव टोरवाल्ड्सचंच. यंत्राच्या खऱ्या वेगाशी त्याचा फारसा संबंध नाही म्हणून बोगस. आपल्याकडे हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

बाईंसाठी एक आकडा. या ठोक्यांची मोजणी पूर्वी ३२ बिटांत ठेवत. सेकंदाला १०० ठोके धरले तर २ चा ३२ वा घात भरायला ४९७ दिवस लागतात आणि मग आकडा शून्यावर येतो. त्या क्षणी ज्यांचे हिशेब चुकतात त्यांच्या चुका ४९७ दिवसांनी कळणार. म्हणून लिनक्समध्ये मोजणी शून्यापासून सुरूच करत नाहीत. भरायला पाच मिनिटं उरलेली असतील तिथून सुरू करतात. चूक असेल तर पाच मिनिटांत उघडी पडते. बाई, तुम्ही 'ताळा करा' म्हणायचात ना, तो हा.

आता माझी गोष्ट. ही मी आजवर कोणाला सांगितलेली नाही, आणि ज्याला सांगायला हवी होती तो तिसऱ्या रांगेत बसलाय.

२००९ चा डिसेंबर. मी पुण्यात एका कंपनीत होतो. आम्ही दूध संकलन केंद्रांसाठी एक डबा बनवायचो. काटा आणि फॅट मोजायचं यंत्र त्याला जोडायचं, शेतकऱ्याचा नंबर दाबायचा, की वजन, फॅट, भाव अशी छापील पावती बाहेर. आत लिनक्स. त्याची सुरुवातीची ओळ न् ओळ माझी.

आपल्या निफाड तालुक्यातली थंडी तुम्हाला सांगायला नको. पारा पाच अंशांच्या आसपास, आणि पहाटे साडेपाचला केंद्रावर किटल्यांची रांग. एके दिवशी याचा फोन आला. "अरे, तू ते कॉम्प्युटरचं करतोस ना? आमच्या डेअरीतला डबा पहाटे उठतच नाही बघ. पडदा काळा. ऊन आलं की चार वेळा बंद-चालू केल्यावर उठतो." मी विचारलं, कोणत्या कंपनीचा? त्यानं नाव वाचून दाखवलं. आमचीच कंपनी. माझाच डबा.

मी काय सांगितलं असेल? मी सांगितलं, "तुमच्याकडचं व्होल्टेज खराब असेल. स्टॅबिलायझर बसव." आणि यानं बसवला. स्वतःच्या खिशातले अडीच हजार घालून. डबा तरीही उठेना.

डबा उठला नाही की काय होतं, हे मला पुण्यात बसून कळत नव्हतं. फॅट मोजायचं यंत्र डब्याशिवाय चालेना, म्हणून वहीत वजन लिहायचं आणि फॅट सरासरीचं धरायचं. ज्याच्या म्हशीच्या दुधाला सातचं फॅट लागतं त्यालाही सरासरीचाच भाव. दोन दिवस लोक ऐकून घेतात, तिसऱ्या दिवशी केंद्रचालकाची गचांडी धरतात. रांग लांबते, आणि टँकर काही कोणासाठी थांबत नाही. हे सगळं त्यानं मला दुसऱ्या फोनमध्ये सांगितलं. तक्रार म्हणून नाही. मित्र म्हणून.

आम्ही प्रयोगशाळेत शंभरदा डबा चालू केला, शंभरदा उठला. शेवटी मी तो घरी आणला आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवला, कोथिंबिरीच्या जुडीशेजारी. सौ. काय म्हणाली ते स्मरणिकेत छापण्यासारखं नाही. रात्रभर ठेवून चालू केला. उठला! मग चिडून त्यातला तारीख-वेळ सांभाळणारा बटणासारखा सेल काढून जुना, अर्धा संपलेला सेल घातला, पुन्हा फ्रिजमध्ये ठेवला. सकाळी पडदा काळा.

कारण सांगतो. तारखेच्या घड्याळाला एक छोटा स्फटिक असतो, मनगटी घड्याळात असतो तोच. सेकंदाला ३२,७६८ कंपनं, म्हणजे २ चा १५ वा घात. हा स्फटिक जात्याच सावकाश जागा होणारा. सेल चांगला असेल तर तो रात्रभर चालूच राहतो. सेल अशक्त असेल तर रात्री थांबतो, आणि सकाळी वीज आल्यावर त्याला पुन्हा चालू व्हायला अर्धा सेकंदही लागू शकतो. कडाक्याच्या थंडीत कधीकधी तो उठायचंच नाकारतो. मी हे धरून चाललो होतो. म्हणून लिहिलं होतं: स्फटिक जागा होईपर्यंत थांब, पण दोन सेकंदांत जागा झाला नाही तर नाद सोड आणि पुढे चल.

वाचायला किती शहाणपणाचं आहे! फक्त ही ओळ मी शून्य नंबरच्या थ्रेडच्या अगदी सुरुवातीच्या वाटेवर लिहिली होती. तिथं इंटरप्ट बंद. ठोके पडत नाहीत. ठोक्यांचा आकडा जागचा हलत नाही. मग 'दोन सेकंद झाले का' याचं उत्तर कायमच 'नाही'. बंद घड्याळाकडे बघत 'अजून साडेदहा झाले नाहीत' म्हणत मामा बसून राहिले, तसं. प्रयोगशाळेतले सगळे सेल नवे होते, स्फटिक आधीच चालू असायचा, वाट बघायची वेळच यायची नाही. चूक तिथं होतीच, पण पहाटे साडेपाचला निफाडच्या थंडीतच भेटायची.

बरं, चूक कळली. जानेवारी २०१० मध्ये मी दुरुस्ती पाठवली. घड्याळ नाही ना, मग मोजणीनं थांबू. दोन सेकंदांचे मायक्रोसेकंद करून तेवढ्या बादल्या. डबे पटापट उठायला लागले. मी खूश. चौथ्या दिवशी याचा फोन. "अरे, आता उठतो. पण पावतीवर तारीख एक जानेवारी एकोणीसशे सत्तर येतेय."

युनिक्सच्या घराण्यात काळाची मोजणी तिथून सुरू होते, ग्रिनिचच्या मध्यरात्रीपासून. भारतीय वेळेनं ती होते पहाटे साडेपाच. म्हणजे डबा साडेपाचला चालू केला की पावतीवरची वेळ बरोबर आणि तारीख चाळीस वर्षं मागची! पहिले तीन दिवस कोणाच्या लक्षातच आलं नाही. दुधाचा पगार दर दहा दिवसांनी निघतो. तीन दिवसांचं सगळ्या गावाचं दूध हिशेबात १९७० सालात जाऊन बसलं आणि पगार अडकला.

हे का झालं, ते तुम्ही आता ओळखाल. चाळीस बादल्या म्हणजे सव्वा तास, हे मामांच्या हाताचं माप. एकदा मामा आजारी होते तेव्हा दहावीची दांडगी पोरं टाकी भरायला लावली. पंचवीस मिनिटांत चाळीस बादल्या झाल्या आणि घंटा पाऊण तास आधी वाजली. आठवतंय? मुख्याध्यापक सर धोतर सावरत धावत आले होते. माझ्या दुरुस्तीचं तेच झालं. प्रोसेसरचा वेग मोजण्याच्या आधीच मी मोजणी वापरली होती. त्या वेळी आकडा असतो तो सुरुवातीचा, ४,०९६. आमच्या प्रोसेसरचा खरा आकडा होता दहा लाखांच्या आसपास. म्हणजे दोन सेकंद सांगितले तर प्रत्यक्षात थांबणं व्हायचं आठ मिलिसेकंद. आठ मिलिसेकंदांत गारठलेला स्फटिक कुठला उठतोय? कर्नलनं ठरवलं, तारखेचं घड्याळच नाही. मग तारीख विचारणारा पडदाही येईना.

तिसरी दुरुस्ती खरी ठरली. स्फटिकाची वाट तिथं बघायचीच नाही. ते काम मागे ढकललं, जिथं झोपता येतं तिथं.

ती जागा कुठे असते, ते सांगतो. मला या सगळ्या प्रकरणात ती सगळ्यात देखणी वाटते. घरातली कामं आटोपली की शून्य नंबर दोन थ्रेड जन्माला घालतो. पहिला नंबर एक. पुढे जाऊन सगळे प्रोग्रॅम त्याचीच लेकरं. दुसरा नंबर दोन. कर्नलमधले बाकीचे सगळे थ्रेड तयार करणारा. एक नंबरला एकच हवा म्हणून त्याला आधी जन्म द्यायचा. पण त्याला काम सुरू करायला दोन नंबर लागतो, आणि तो तर अजून जन्मायचाय. एकनं घाई केली तर यंत्र कोसळणार. म्हणून एक नंबर जन्मल्याबरोबर झोपतो. कर्नलमधली ही पहिली खरी झोप म्हणायला हरकत नाही: नाव लिहिलेलं, उठवणारा ठरलेला, चालायला दुसरं कोणी हजर. शून्य नंबर दोनला तयार करतो आणि मग एकला हाक मारतो, 'ऊठ, झालं सगळं.'

त्यानंतर शून्य नंबर काय करतो? एकदाच जागा सोडतो. पाळी लावणाऱ्याला म्हणतो, आता तू बघ. आणि फाटकाजवळच्या स्टुलावर जाऊन बसतो. यापुढे कोणालाच काही काम नसेल तेव्हाच त्याची पाळी. प्रोसेसरला गार ठेवायचा. सगळं उभं त्यानं केलं, आणि यादीत त्याचं नाव सहसा दिसतही नाही. घंटा दिल्यावर मामा स्टुलावर बसून तंबाखू मळायचे, तेव्हा आपल्याला वाटायचं यांना काही काम नाही.

दोन नंबरनं जन्माला घातलेला प्रत्येक थ्रेडसुद्धा झोपेतच जन्मतो, हे जाता जाता. 'मी झालो' एवढं सांगतो आणि झोपतो. कोणी उठवलं तरच काम. उठवायचं विसरलात तर दोन मिनिटांनी कर्नलचा एक पहारेकरी ओरडतो, हा १२० सेकंद अडकलाय म्हणून.

आणि माझ्यासारख्यांची सोय पुढे झाली. चुकीच्या जागी झोपणाऱ्याला पकडणारी तपासणी कर्नलमध्ये होतीच, पण यंत्र पूर्ण उभं राहीपर्यंत ती बंद असायची. त्यामुळे सुरुवातीच्या चुका झाकून राहायच्या. २०१७ साली थॉमस ग्लाइक्सनर यांनी 'आता पाळ्या लागायला सुरुवात झाली' अशी एक मधली अवस्था घातली आणि त्या क्षणापासूनच तपासणी चालू केली. सुरुवातीच्या वाटेवरच्या बऱ्याच चुका आता वेळेत हाती लागतात. माझी चूक तरीही लागली नसती, हे कबूल केलं पाहिजे. मी झोपत नव्हतो, जागेपणीच बंद घड्याळाकडे बघत बसलो होतो.

संयोजक मागून जेवणाची खूण करतायत. संपवतो.

तिसऱ्या रांगेतल्या मित्रा, तेव्हा कंपनीनं तुला पत्र पाठवलं, 'सॉफ्टवेअर अद्ययावत केले आहे.' त्यात कोणाची चूक ते लिहिलं नव्हतं. मीही तुला सांगितलं नाही. उलट पुढे दोनदा भेटलो तेव्हा तू "तुझ्यामुळं डबा दुरुस्त झाला" म्हणून मला चहा पाजलास आणि मी प्यालो. तुझ्या व्होल्टेजला काही झालेलं नव्हतं. स्टॅबिलायझरचे अडीच हजार पाकिटात घालून आणलेत, जेवायला बसताना माझ्याकडून घे. नाही म्हणालास तर सरांच्या हातून देईन. आणि तो जुना डबा अजून चालू असेल तर मागचे चार स्क्रू काढ, आत बटणासारखा सेल आहे, सीआर २०३२, कोणत्याही घड्याळवाल्याकडे मिळतो. थंडी पडायच्या आत बदलून टाक.